त्स वू ज्याचा काढा: आधी पुडी तपासा, मग पाणी उकळा

माझ्याकडे कुणी त्स वू ज्याची पुडी दाखवायला आणली, की मी ती आधी कोऱ्या कागदावर ओतते. औषधविक्रेती म्हणून डोसापेक्षा मला जास्त काळजी असते ती आत नेमकं काय भरलंय याची.

'सैबेरियन जिनसेंग' म्हणून विकलं जाणारं हे काटेरी झुडूप ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलांत वाढतं. खऱ्या जिनसेंगच्या कुळातलंच, पण वनस्पती वेगळी. चिनी वैद्यकात थकवा, मंदावलेली भूक, कंबर-गुडघ्यांचं दुखणं आणि उडालेली झोप यांवर ते देतात. आधुनिक चाचण्यांचा पुरावा मात्र तोकडा आहे, म्हणून चालू औषध बंद करून हे घेऊ नका.

आता कागदावरचे तुकडे बघा. मूळ असेल तर वरून करडं-तपकिरी, कापलेल्या जागी पिवळसर पांढरं, टणक आणि धागेदार दिसतं. वास अगदी मंद येतो. नळीसारखी गुंडाळलेली, सुटे पापुद्रे निघणारी आणि तीव्र सुगंधाची साल असेल तर ती बाजूला ठेवा. ती श्यांग ज्या पी, म्हणजे वेगळ्याच वनस्पतीची साल, असू शकते. नावं आणि पुड्या दोन्ही सारख्या असल्यामुळे ही गल्लत पूर्वी झालेली आहे, आणि त्या सालीत हृदयावर थेट परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स नावाची द्रव्यं असतात. नुसत्या नजरेवर मीही भिस्त ठेवत नाही. पाकिटावर 'इल्युथेरोकोकस सेंटिकोसस' हे शास्त्रीय नाव आणि बॅच क्रमांक हवाच.

चिनी औषधकोशात रोजची मात्रा ९ ते २७ ग्रॅम आहे, युरोपात अर्धा ते ४ ग्रॅम. वैद्य समोर नसतील तर युरोपातलीच मात्रा धरा. सुरुवात २ ग्रॅम बारीक केलेल्या मुळाने करा: कपभर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, गाळा. सकाळी घ्या, उशिरा घेतलं तर काहींची झोप उडते. सलग दोन महिन्यांपलीकडे नको.

रक्तदाब वाढलेला असेल तर हे घेऊच नका. गरोदरपणी, अंगावर पाजत असताना किंवा बारा वर्षांखालच्या मुलांना मी देत नाही. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी तर लांबच राहावं: रक्ततपासणीत त्याची पातळी वाढलेली दिसल्याची नोंद आहे. आधीच घेतलं असेल तर पुडी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा.