तांबडी सुर्ल्याचा मंडप: एकाऐवजी तीन फोटो

गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरात मंडपाच्या आतून बाहेरचं रान टिपायचं होतं. खांब नीट आले की झाडं पांढरीफटक, आणि झाडं सावरली की कदंबकालीन काळा पाषाण नुसता काळोख. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, एकाच फोटोकडे सगळं मागू नकोस."

मग पिशवीवर कॅमेरा टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि ब्रॅकेटिंगने, म्हणजे एकच दृश्य वेगवेगळ्या उजेडात टिपत, -२ (गडद), ० (मधला), +२ (उजळ) असे तीन रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढले. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० कायम. बदलला तो फक्त शटरचा वेग. अ‍ॅपर्चर बदललं असतं तर फोकसची खोलीही, म्हणजे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट दिसतं तेही, बदललं असतं.

तरी लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फोटो जोडल्यावर पानं दुहेरी दिसली, मधेच वारा आला होता ना! हललेल्या गोष्टींची दुहेरी प्रतिमा काढणारं डीघोस्ट 'मध्यम' केल्यावर ती एकसंध झाली. खांबांच्या कडेला उजळ रेघ उरली होती. क्लॅरिटी (कडांचा उठाव) फार ओढली होती, ती १५ वर आणली तेव्हा गेली. शॅडोज, म्हणजे गडद भाग, मुद्दाम कमी उजळले. गाभाऱ्याजवळचा अंधार डोळ्यांना दिसतो तसाच मला हवा होता. आता खांबांवरचं कोरीव काम स्पष्ट दिसतं, आणि बाहेरचं रान हिरवंगार.