हरभऱ्यात पट्टकादंब उतरायच्या आधी एवढं करा

येरळवाडी, मायणीकडं तलावाच्या कडंला ज्यांचा हरभरा नाहीतर गहू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. थंडी पडली की पट्टकादंब येतात ते मार्चपर्यंत मुक्कामाला. आपण सरसकट बदक म्हणतो, पण हा रानहंस, अंग राखाडी आणि पांढऱ्या डोक्यामागं दोन काळ्या पट्ट्या. दिवसा पाण्याजवळ बसून असतात, अंधार पडला की रानात.

सकाळी बोटाएवढी हिरवट लेंडी आणि पडद्याच्या पायाचा ठसा दिसला की समजायचं. नुसते शेंडे खुडलेत तर लगेच डोक्याला हात लावू नका, भाजीला आपण पण खुडतोच की, झाड परत फुटतं. पण ओल्या रानातलं कोवळं रोप मुळासकट उपटून येतं, खरं नुकसान ते. म्हणून उगवणीच्या दिवसात तलावाकडच्या वाफ्यांना जमलं तर सकाळीच पाणी द्या, म्हणजे रात्री रान फार ओलं राहणार नाही (लाईट रात्रीचीच येते, माहितीय मला).

एखाद्या वर्षी थवा मोठा, एखाद्या वर्षी छोटा, असं का? निम्मा हिशोब तिकडं मंगोलिया-तिबेटात होतो. तिथं बरेचसे जमिनीवरच अंडी घालतात, कोल्ही टपलेलीच, त्यात उन्हाळ्यात पिसं गळाली की काही आठवडे उडताच येत नाही. सैबेरियातल्या एका हंसाचं तर असं की लेमिंग नावाचे उंदीर कमी झाले की कोल्ही अंड्यापिल्लांवर येतात आणि त्या हिवाळ्यात थव्यात नवी पिल्लं जवळपास दिसतच नाहीत. बाकीचा हिशोब खाण्याचा. अमेरिकेत स्नो गूजला (तिकडचा पांढरा रानहंस) शेतात सांडलेलं धान्य मिळत गेलं, संख्या एवढी फुगली की उत्तरेकडची त्यांची स्वतःचीच कुरणं उजाड झाली.

आपल्या हातात कोल्हं नाही पण त्याची भीती आहे. चारी बाजूंनी मोकळं दिसलं तरच हे पाखरू बिनधास्त उतरतं, म्हणून पाण्याच्या बाजूनं शाळूच्या चार-सहा ओळी असू द्या. यंदा राहिलं असेल तर चमकी पट्टी, बुजगावणं, पण दोन दिवसाला जागा बदला, नाहीतर त्याच्याच शेजारी चरतात. पहिला थवा उतरेल त्याच रात्री उठवा, आठवडाभर चरले की हक्कानं येतात. बाजरी काढलेलं रान तलावाजवळ असेल तर नांगरायची घाई नको, तिथले सांडलेले दाणे खाऊ देत, तिथनं हुसकू नका.

आणि विष लावलेलं बी अजिबात टाकायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहेच, पण त्याच काठावर आपली मेंढरं पण चरतात.