नवे टायर घ्यायला निघण्याआधी

गणपतीला गाडीने कोकणात जायचं असेल, तर टायरचं काम निदान पंधरा दिवस आधी उरकून घ्या. टायर साच्यातून नीट सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा बुळबुळीत थर नव्या टायरवर असतो. तो जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टायर बदलायचे आणि पहाटे पावसात घाटात शिरायचं, हे टाळलेलंच बरं.

दुकान गाठण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून पाचही टायर बघा. पाचवा म्हणजे डिकीतली स्टेपनी, ती हमखास विसरली जाते. टायरच्या बाजूवर डीओटी या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. 3518 असेल तर तो टायर 2018 सालच्या 35व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टअखेरीस, बनला. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर मोबाइल गाडीखाली सरकवा आणि आतल्या बाजूचा फोटो काढा. पाचही टायरचे आकडे वहीत उतरवून ठेवा.

यावर एवढा भर देण्याचं कारण आहे. आमची गाडी सहा वर्षांत जेमतेम 26 हजार किलोमीटर चालली होती. टायरची नक्षी चांगली खोल होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. एकदा हवा भरताना मागच्या डाव्या टायरची बाजू अंगठ्याने सहज दाबली आणि केसाएवढ्या बारीक रेषा एकदम उघडल्या. दाब काढला की त्या मिटायच्या. गाडीची ती बाजू रोज दुपारच्या उन्हात असायची. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण आणि इतर द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरतं, टायर दबतो-सुटतो, तसतशी ती वर येत राहतात. गाडी उभीच राहिली तर तेवढी वर येत नाहीत. म्हणून कमी चाललेल्या गाडीचे टायर जास्त बारकाईने बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षं वापर, असा सल्ला अनेक कंपन्या देतात. आपल्याकडचं ऊन पाहता मी सहा वर्षांच्या पुढे जात नाही.

झीजही बघा. नक्षीच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची 1.6 मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यासाठी मला तरी 3 मिलिमीटर शिल्लक हवी, कारण रस्त्यावरचं पाणी या खाचांतूनच बाजूला जातं. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी राहत होती, फक्त मधला भाग घासला असेल तर जास्त. एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच जातील. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर त्याच दिवशी काढा.

आता साइज. 185/65 आर15 88एच असं काहीतरी लिहिलेलं असेल. रुंदी 185 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंच. लोक इथेच थांबतात, पण पुढचा 88 महत्त्वाचा आहे. तो एका टायरची 560 किलो भार पेलण्याची क्षमता सांगतो. ‘साइज तीच आहे’ म्हणून 84चा टायर बसवला, तर दर चाकामागे 60 किलो क्षमता गेली. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर साइज आणि हवेचा दाब असतो. त्याचा फोटो काढा.

दुकानात भाव ठरवण्याआधी टायर बाहेर आणायला सांगा आणि तारीख स्वतः वाचा. टायर नाशिकला बनलेला असो की चाकणला, तो गोदामात किती दिवस पडून होता ते महत्त्वाचं. मला एकदा अडीच वर्षांपूर्वीचे टायर ‘कालच माल आलाय’ म्हणून दाखवले होते. मी सहा महिन्यांच्या आतले मागते, फार तर वर्षभराचे घेते. आयएसआय चिन्ह बघा. ट्रेडवेअर 400 असे, टायर किती सावकाश झिजतो ते सांगणारे आकडे असतील तर त्यांची तुलना एकाच कंपनीच्या टायरमध्ये करा, कारण ती चाचणी कंपनी स्वतःच करते. वापरलेले टायर घेऊच नका. झिजलेल्या टायरमध्ये खाचा पुन्हा कोरून विकलेले मी पाहिले आहेत.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असली तरी. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी सावरणं फार कठीण जातं. नवे व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग तिथेच करून घ्या. टायरवर बाण असेल तर तो पुढच्या दिशेने फिरतोय ना, हे गाडी जॅकवर असतानाच बघा. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासा आणि त्याच वेळी स्टेपनीतही भरा.