जुनं संगीत नाटक ‘नव्या संचात’ बघायचं असेल तर

पेपरातल्या जाहिरातीत ‘नव्या संचात’, म्हणजे नव्या कलाकारांसह, असं छापलेलं दिसलं की माझे दीर म्हणतात, “वहिनी, आता नका जाऊ. ते जुने गायक-नट गेले, नाटकही त्यांच्याबरोबर गेलं.” मी तरी जाते. ‘कट्यार काळजात घुसली’ हे खाँसाहेब आणि पंडितजी या दोन घराण्यांच्या गायकांच्या चुरशीचं नाटक मी तीन वेगवेगळ्या खाँसाहेबांचं बघितलं आहे. त्यात एकदा मोठी चूकही केली, म्हणून हे लिहायला बसले.

तिकीट काढायच्या आधी खिडकीवर विचारा: आज खाँसाहेब कोण, त्यांचं गाणं शिकू पाहणारा सदाशिव कोण, आणि ऑर्गन-तबल्याला कोण? जाहिरातीत ठळक नाव एकाचंच असतं, आणि संगीत नाटक एकट्याच्या गळ्यावर उभं राहत नाही. विचारायला संकोचू नका.

मग आठ दिवस घरातलं या नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग बंद ठेवा. हे सगळ्यांत अवघड, पण सगळ्यांत गरजेचं. डिसेंबर १९६७ मध्ये हे नाटक आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, चाली जितेंद्र अभिषेकींच्या आणि खाँसाहेब वसंतराव देशपांडे. मी लहानपणी सांगलीत वडिलांच्या शेजारी बसून वसंतरावांना ऐकलं. त्यांचा आवाज घराघरात मुरलेला आहे. शुक्रवारी तो ऐकून शनिवारी नाटकाला गेलात, तर नव्या माणसाची प्रत्येक तान तुम्ही मोजतच बसाल. मी तेच केलं होतं. बरीच वर्षं मध्ये गेली होती, खाँसाहेब बदलले होते. पहिल्या पदालाच माझं मन मिटलं आणि मध्यंतरात मी उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, नंतर असा आवाज लागला त्यांचा, लोक उठून उभे राहिले.” त्या गायकाला त्या भूमिकेत मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही. आजही ते मनाला लागतं. नव्या माणसाचा गळा तापायला वेळ लागतो, त्यात समोर आमच्यासारखे हाताची घडी घालून बसलेले असतात. मध्यंतराच्या आत निकाल देऊ नका.

बसायला तबलजीचे हात दिसतील अशी जागा घ्या, मागची असली तरी चालेल. गायक बदलला की पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलते, ऑर्गनवाल्याची बोटं वेगळ्या पट्ट्यांवर जातात, तबलाही दुसऱ्या सुरात लावावा लागतो. पद सुरू व्हायच्या आधीचा क्षण बघा. संवादाचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनचा सूर हळूच मागे येऊन उभा राहतो, तबलजीचा तळवा डग्ग्यावर टेकलेला असतो आणि नट मान किंचित वळवून तो सूर कानात घेतो. नव्या संचात हे कधी अर्ध्या श्वासानं चुकतं. दहा-पंधरा प्रयोगांनंतर चुकत नाही. परवडत असेल तर एक प्रयोग सुरुवातीचा बघा आणि एक दोन-तीन महिन्यांनी. दोन्हींत वेगळी मजा आहे.

‘घेई छंद मकरंद’ या पदाकडे खास कान द्या. शब्द तेच, पण पंडितजींच्या घराण्याची चाल वेगळी आणि खाँसाहेबांची वेगळी. दोघांपैकी एकच गायक बदलला असेल तर जुन्याचं गाणंही त्या दिवशी बदलतं, कारण समोरचा आवाज बदललेला असतो. नव्या माणसाची जुन्याशी तुलना करण्यापेक्षा हे ऐका.

२०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनात नाटक पुन्हा आलं, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. सगळं थिएटर नातवात आजोबा शोधत होतं. मी ठरवून सदाशिवकडे बघत बसले. महेश काळे, म्हणजे खुद्द अभिषेकीबुवांचे शिष्य. खाँसाहेब गात असताना लपूनछपून ते गाणं टिपणारा तो मुलगा बघितला आणि हे नाटक गाणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याचंही आहे हे मला इतक्या वर्षांनी उमगलं. तुम्हीही एकदा त्या क्षणी न गाणाऱ्या पात्राकडे बघून बघा.

‘वन्स मोअर’ द्यायचा तर पद पूर्ण संपू द्या, आणि याच आवाजात पुन्हा ऐकावंसं वाटलं तरच द्या. जुन्यांची ठरलेली जागा, म्हणजे गाण्यातलं खास वळण, यावं म्हणून ओरडू नका. नाटक संपलं की रंगपटात जाऊन भेटा. “छान झालं” एवढ्यावर थांबू नका, कुठली जागा आवडली ते सांगा. पहिल्या-दुसऱ्या प्रयोगाच्या गायकाला त्याचा फार आधार वाटतो.

आणि ज्यानं हे नाटक कधीच बघितलेलं नाही असं कुणीतरी बरोबर न्या. मी भाचीला नेलं होतं. मध्यंतरात बटाटेवडा हातात तसाच धरून तिनं विचारलं, “मावशी, समोरचा गायलाच नाही, मग खाँसाहेब जिंकले कसे?” घरी आल्यावर रात्री आम्ही दोघींनी वसंतरावांचं रेकॉर्डिंग लावलं. ते त्या रात्रीसाठीच राखून ठेवायचं असतं.