लूप बंद करायचा तो समेवर, आणि पायाने

हँडसॉनिकसारख्या, हाताने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या पॅडवर एकट्याने लूप, म्हणजे रेकॉर्ड होऊन पुन्हापुन्हा वाजत राहणारा तुकडा, थरावर थर चढवत रचताना बहुतेकांची गडबड पहिल्याच थरात होते. दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, आणि आरसी-५०५सारख्या टेबलावर ठेवायच्या लूपरची (लूप रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राची) बटणं मात्र हातानेच दाबायची! त्याला फूटस्विच, म्हणजे पायाने दाबायचं बटण, जोडता येतो; तो आधी जोडा.

मग केरव्याचं, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन (पूर्ण फेरी) नुसतं वाजवा. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पाय दाबून रेकॉर्डिंग सुरू करा, दोन आवर्तनं भरा आणि पुढच्या समेवर पुन्हा दाबा. पण हात तिथे थांबवू नका, ती सम ओलांडून एक-दोन मात्रा पुढे वाजवत राहा. हात थांबला की पायही डळमळतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) आठ मात्रांचं आवर्तन ४ सेकंदांचं, म्हणजे लूप ८ सेकंदांचा. पाय जरा उशिरा पडला तर ती लंगडी लय शेवटपर्यंत ऐकावी लागते.

पहिल्या थरात फक्त डग्गा किंवा तसा खर्जाचा आवाज, तोही विरळ. समेलगतच्या ठोक्याला लांब रिव्हर्ब (घुमारा) नको. त्याची शेपटी सांध्यावर तुटते आणि टक्कन ऐकू येते. ‘खाली’च्या मात्रा (केरव्यात पाचवीपासूनच्या) मोकळ्याच सोडा, वरचे बोल तिथे बसतील. चौथ्या थरानंतर मी सहसा काही चढवत नाही, उलट एखादा काढून घेतो.

पॅडची तार थेट लूपरमध्ये घाला. माइक नसल्यामुळे स्पीकरचा आवाज लूपमध्ये शिरत नाही.