आडनावावरून माणूस ओळखू नका: 1898 च्या स्वयंसेवक पलटणींवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिका आणि स्पेन यांच्यातील 1898 च्या युद्धावर, आणि विशेषतः त्या युद्धासाठी भरती झालेल्या स्थलांतरित कुटुंबांतील तरुणांवर, प्रबंध लिहिण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. हवाना बंदरात बुडालेली 'मेन' युद्धनौका, फिलिपिन्समधील मनिलाच्या उपसागरात अमेरिकी नौदल अधिकारी ड्युई यांनी मिळवलेला विजय, रूझवेल्टांचे 'रफ रायडर्स' हे स्वयंसेवक घोडदळ आणि सान हुआनची टेकडी हे सारे तुम्ही वाचलेले असणार, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या प्रबंधाची जवळजवळ दीड वर्षे वाया घालवणाऱ्या एका चुकीबद्दल. ती चूक आपल्यासारख्या, महाराष्ट्रातून गेलेल्या, विद्यार्थ्याच्या हातून होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल बोलणे आवश्यक आहे. आपल्याकडे 'स्वयंसेवक' म्हटले की गणपतीच्या मांडवात गर्दी आवरणारा किंवा पुराच्या वेळी अन्नाची पाकिटे वाटणारा, मोबदला न घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. 1898 मधील 'व्हॉलंटिअर' हा तसा नव्हता. युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे कायमस्वरूपी सैन्य जेमतेम 28,000 होते. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी 23 एप्रिल रोजी 1,25,000 आणि 25 मे रोजी आणखी 75,000 स्वयंसेवकांची मागणी केली, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक राज्याचा वाटा ठरवून दिला. या सैनिकांना वेतन होते. साध्या शिपायाचा पगार महिना 13 डॉलर होता आणि युद्धकाळात त्यात 20 टक्के वाढ झाल्याने तो 15 डॉलर 60 सेंट झाला. शिवाय नागरिकत्वाचा प्रश्न होता. 22 एप्रिलच्या कायद्याने नागरिकांबरोबरच, नागरिक होण्याचा इरादा विधिवत जाहीर केलेल्या परदेशी जन्माच्या पुरुषांनाही राष्ट्रीय दलात मोजले होते. आणि यादवी युद्धाच्या काळातील 1862 च्या कायद्यानुसार, सन्मानाने सेवामुक्त झालेल्या परदेशी सैनिकाला नागरिकत्वाची वाट इतरांपेक्षा सोपी होती. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, जेथे अनेक गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो. भरतीला निघालेला मुलगा देशासाठी जातो की पगारासाठी, असा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही, कारण दोन्ही कारणे एकाच माणसाच्या मनात शेजारी नांदू शकतात हे सर्वांना ठाऊक असते. हे घरचे शहाणपण मी अमेरिकेत पोहोचल्यावर विसरले आणि माझ्या पहिल्या प्रकरणात प्रत्येक सैनिकाला एक तर निष्ठावान नवअमेरिकन ठरवले, नाहीतर पोटार्थी. तुम्ही तसे करू नका.

आता मुख्य चुकीकडे येते. माझा विषय मिनेसोटा राज्याच्या पलटणींचा होता. पहिल्या मागणीनंतर तेथे बारावी, तेरावी आणि चौदावी या तीन पायदळ पलटणी उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या मागणीनंतर पंधरावी. हे स्वीडिश, नॉर्वेजियन आणि जर्मन स्थलांतरितांचे राज्य. तेव्हा या पलटणींत कोणत्या समाजाचे किती तरुण होते हे आधी ठरवावे आणि मग त्या-त्या समाजाच्या वर्तमानपत्रांशी ते पडताळावे, अशी माझी योजना होती. माझ्यासमोर छापील यादी होती. तीत नाव, वय, राहण्याचे ठिकाण आणि भरतीची तारीख होती, पण जन्मस्थान नव्हते. मी काय केले असेल हे कोणताही मराठी वाचक ओळखेल: मी आडनावे वाचत गेले आणि प्रत्येकापुढे समाज लिहीत गेले.

लहानपणापासून आपण हेच करत आलेलो आहोत. समोरच्याचे आडनाव कळले की गाव, जात आणि घरची भाषा यांचा अंदाज बांधण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि ती सवय आपल्या घरातही किती वेळा फसते हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पाटील कितीतरी जातींत आणि एकाहून अधिक धर्मांत आहेत, देशमुख मुसलमानही आहेत, आणि सीमाभागातल्या कुलकर्ण्यांच्या घरी कानडी बोलली जाते. असे असूनही मी मिनेसोटातील 'जॉन्सन'पुढे निःशंकपणे 'स्वीडिश' लिहिले. हा जॉन्सन योहान्सन घराण्यातला स्वीडिश असू शकतो, योहान्सेन घराण्यातला नॉर्वेजियन असू शकतो, किंवा न्यू इंग्लंडमधून पश्चिमेकडे आलेल्या, कित्येक पिढ्यांपूर्वीच्या इंग्रज कुटुंबातलाही असू शकतो. तो फिनलंडमधून आलेला स्वीडिशभाषक असेल, तर त्याचा देश सरकारी कागदात रशिया म्हणूनही सापडेल, कारण फिनलंड तेव्हा झारच्या अंमलाखाली होते. 'मिलर' हा म्युलर असेल किंवा नसेल, 'स्मिथ' हा श्मिट असेल किंवा नसेल. स्वीडिश आणि नॉर्वेजियन यांना एकाच 'स्कँडिनेव्हियन' रकान्यात टाकून सुटका होईल असे मला एकदा वाटले होते. पण ते दोन देश तेव्हा एकाच राजाखाली नाइलाजाने नांदत होते आणि 1905 मध्ये वेगळे झाले, त्यामुळे त्यांच्या वर्तमानपत्रांचा सूर अनेकदा वेगळा लागतो.

सर्वांत लाजिरवाणी चूक मला 'रफ रायडर्स'च्या संदर्भात उमगली. तुलनेसाठी मी न्यू मेक्सिकोतील भरतीची नावे घेतली आणि स्पॅनिश आडनावे 'स्थलांतरित' या गटात टाकली. त्या तुकड्यांतील एका तुकडीचे प्रमुख होते कॅप्टन मॅक्सिमिलियानो लुना. लुना कुटुंब त्या प्रदेशात कित्येक पिढ्यांपासून होते, आणि 1848 च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने तो प्रदेश अमेरिकेकडे आला. म्हणजे ते कोठूनही आलेले नव्हते. अमेरिकेची सीमा त्यांच्याकडे आली होती. त्या वेळी स्पॅनिश बोलणाऱ्या न्यू मेक्सिकोवासीयांच्या निष्ठेबद्दल उघड शंका घेतली जात होती, आणि त्या शंकेचा आधारही आडनाव व भाषा हाच होता. त्या शंकेखोरांनी जे केले तेच मी शंभराहून अधिक वर्षांनी, संशोधन म्हणून, केले होते. हे ध्यानात आले त्या रात्री मला झोप लागली नाही. लुना पुढे 1899 मध्ये फिलिपिन्समध्ये नदीत बुडून मृत्यू पावले.

यावर मार्ग आहे, पण तो हळू आहे. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक स्वयंसेवकाची संकलित सेवानोंद मिळते आणि तीत जन्मस्थान व व्यवसाय यांची नोंद सापडू शकते. त्यानंतर त्या माणसाला 1900 च्या जनगणनेत शोधावे, कारण तीत स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे जन्मस्थान, स्थलांतराचे वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती असे वेगवेगळे रकाने आहेत. युद्धाच्या आधीची, म्हणजे 1890 ची, जनगणना हवी असे तुम्हाला वाटेल. तिची बहुतेक पाने 1921 च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाली, त्यामुळे तिच्या शोधात एकही दिवस घालवू नका. 1900 मध्ये फिलिपिन्समध्ये असलेल्या सैनिकांची गणना स्वतंत्र लष्करी पत्रकांत आहे, हे मला फार उशिरा कळले. 1930 च्या जनगणनेत माजी सैनिकाने कोणत्या युद्धात भाग घेतला याचाही रकाना आहे, आणि हरवलेली माणसे कधीकधी तेथे सापडतात. जन्मस्थान सापडले म्हणजे समाज सापडला, असेही समजू नका. पोलंड तेव्हा नकाशावर स्वतंत्र देश म्हणून नव्हताच, त्यामुळे पोलिश माणसाचे जन्मस्थान जर्मनी, रशिया किंवा ऑस्ट्रिया असे लिहिलेले असते.

आयरिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणींनाही हाच नियम लावावा लागतो. न्यू यॉर्कच्या 69 व्या पलटणीचे नाव यादवी युद्धापासून आयरिशांशी जोडलेले आहे, परंतु 1898 ची पलटण ही 1863 ची पलटण नव्हे. नॅशनल गार्डला, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ फौजेला, परदेशात पाठवण्यास कायद्याची अडचण असल्यामुळे गार्डमधील प्रत्येकाला स्वतंत्रपणे नाव नोंदवावे लागले. काहींनी नकार दिला, अनेक जण वैद्यकीय तपासणीत नापास झाले, आणि रिकाम्या जागा नव्या मुलांनी भरल्या. पलटणीचा झेंडा जुना असला तरी झेंड्याखालचे लोक नवे होते. शिवाय बोस्टनची आयरिश म्हणून ओळखली जाणारी नववी मॅसॅच्युसेट्स पलटण क्यूबाला पोहोचली, तर 69 वी पलटण अमेरिकेबाहेर गेलीच नाही. दोघींच्या आठवणी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

सोप्या वाटांबद्दल माझे मत कठोर आहे. आडनावावरून वंश ओळखणारी संगणक-प्रणाली कोणी तुम्हाला सुचवेल. ती माझीच चूक अधिक वेगाने करते, एवढाच तिचा गुण. दुसरी वाट अधिक मोहक आहे. 1930 च्या दशकात शिकागोतील परभाषिक वर्तमानपत्रांतील मजकुराचे इंग्रजी भाषांतर सरकारी रोजगार योजनेतून करण्यात आले, आणि तो संग्रह आज सहज वाचता येतो. त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. परंतु काय भाषांतरित करावे आणि काय सोडावे हे त्या वेळी कोणीतरी ठरवले होते, त्यामुळे तो संग्रह वाट दाखवणारी पाटी म्हणून वापरा, त्यावर प्रकरण उभे करू नका. निदान एक मूळ भाषा वाचायला शिका. शिकागोच्या 'इलिनॉय श्टाट्स-त्साइटुंग'सारखे जर्मन वर्तमानपत्र जुन्या फ्राक्टुर अक्षरांत छापलेले असते आणि पहिले काही आठवडे डोळे दुखतात. ज्यांनी कधी मोडी वाचायचा प्रयत्न केला आहे त्यांना हे कष्ट ओळखीचे वाटतील. मोडीप्रमाणेच फ्राक्टुरही रोज एक तास दिल्यास दोन-तीन महिन्यांत वाचता येते, याची मी खात्री देते.

वर्तमानपत्रे उघडल्यावर फार आनंद होतो, आणि तेथे दुसरा मोह वाट पाहत असतो. आयरिश लेखकांना क्यूबात साम्राज्याविरुद्ध लढणारे छोटे बेट दिसत होते, पण स्पेन कॅथलिक होता आणि या युद्धामुळे अमेरिका इंग्लंडच्या जवळ जाईल ही चिंताही त्यांना होती. यिडिश वर्तमानपत्रांनी 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलून दिल्याची आठवण काढली. मनिलाच्या उपसागरात अ‍ॅडमिरल डिडरिक्स यांच्या जर्मन नौका ड्युईंच्या आसपास वावरू लागल्यावर अमेरिकेतील जर्मनांना आपली निष्ठा सिद्ध करण्याचा भार वाहावा लागला, तर त्यांच्यातीलच एक नामवंत राजकारणी कार्ल शुर्झ साम्राज्यविस्ताराविरुद्ध उघडपणे बोलत राहिले. हे सर्व खरे आहे आणि तुमच्या प्रबंधात यायलाच हवे. मात्र संपादक म्हणजे सैनिक नव्हे. गोठ्यात काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने अग्रलेख वाचून नाव नोंदवले, असे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे नसेल तर तसे लिहू नका.

मार्गदर्शक निवडताना त्यांनी स्वतः कधी अशी यादी ओळीओळीने वाचली आहे का, हे विचारण्याचे धैर्य दाखवा. माझ्या पहिल्या मार्गदर्शकांनी माझी आडनावांची मोजणी पाहून समाधान व्यक्त केले, कारण तक्ता सुबक दिसत होता. चूक दाखवली ती अभिलेखागारातील एका कर्मचारी बाईंनी, मी न विचारता, एका सेवानोंदीकडे बोट दाखवून. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला सांगते की पहिला महिना प्राध्यापकांपेक्षा अभिलेखागारातील माणसांशी अधिक बोला.

युद्ध लहान होते म्हणून काम लहान होईल, असेही गृहीत धरू नका. लढाई थांबवण्याचा करार 12 ऑगस्ट 1898 रोजी झाला. तारयंत्राची केबल तोडलेली असल्याने ती बातमी मनिलाला पोहोचली नव्हती आणि तेरावी मिनेसोटा पलटण 13 ऑगस्टला तेथे लढली. पॅरिसचा तह 10 डिसेंबरला झाला, पण 4 फेब्रुवारी 1899 पासून फिलिपिनो सैन्याशी नवे युद्ध पेटले आणि स्पेनशी लढायला म्हणून नाव नोंदवलेले हे तरुण तेथेच अडकले. उलट, अनेक पलटणींनी शत्रू पाहिलाच नाही, पण चिकामॉगासारख्या छावण्यांत विषमज्वराने माणसे गेली. लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या चौकशी मंडळाने तपासलेल्या सुमारे 1,08,000 सैनिकांत 20,738 जणांना तो ताप आला होता आणि त्यांपैकी 1,580 दगावले. या मुलांची घरी आलेली पत्रे वाचताना मन खचते. असे झाले तर काही दिवस यादीकडे परत जा. आकड्यांचे काम त्या वेळी आधार देते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

माझा सुधारलेला तक्ता पहिल्यापेक्षा कुरूप आहे. त्यात स्वतःचे, वडिलांचे आणि आईचे जन्मस्थान असे तीन वेगळे रकाने आहेत, चौथा रकाना 'ठरवता येत नाही' असा आहे, आणि तो चौथा रकाना बराच भरलेला आहे. मी पूर्वी स्वीडिश म्हणून मोजलेला एक शिपाई 1900 च्या जनगणनेत सापडला, तेव्हा त्याचे जन्मस्थान मिनेसोटा निघाले, वडिलांचे इंग्लंड आणि आईचे स्वीडन. त्याच्या घरी कोणते वर्तमानपत्र येत असेल याचा शोध मी अजून घेत आहे.