ताडोब्याच्या टेबलावर पिएमॉन्तेची वाईन: बाटली ओळखण्यापासून पेल्यात ओतण्यापर्यंत

जंगलाच्या वेशीवरच्या रिसॉर्टमध्ये इटलीच्या पिएमॉन्ते प्रांतातली वाईन ठेवायची असेल, तर वाढणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या यायला हव्यात. बाटलीवरचे नाव वाचता यायला हवे आणि तापमान सांभाळता यायला हवे. दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात बारोलोसारखी चांगली लाल वाईन एका दुपारीही बिघडू शकते. परमिट रूमचा परवाना हवाच, हे सांगायला नको. चंद्रपुरातली बंदी २०२१ मध्ये उठली, पण वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे.

आधी नावे. पिएमॉन्तेत कधी द्राक्षाचे नाव लिहितात, कधी गावाचे, आणि गोंधळ तिथेच होतो. बारोलो आणि बार्बारेस्को ही ठिकाणांची नावे. दोन्हींत द्राक्ष फक्त नेब्बिओलो. बारोलो ११ गावांच्या हद्दीत होते आणि किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, पिंपात ९. लेबलवर ‘रिझेर्वा’ असेल तर बारोलोचे ६२ महिने होतात. महाग बारोलोऐवजी रोजच्या यादीसाठी ‘लांगे नेब्बिओलो’ घ्यावी. द्राक्ष मुख्यतः तेच, मुरवण्याची सक्ती नाही, किंमत बरीच कमी.

सगळ्यात जास्त चूक ‘आस्ती’ या गावाच्या नावावर होते. बार्बेरा आणि मोस्कातो ही द्राक्षे. ‘बार्बेरा द आस्ती’ ही गोडवा नसलेली लाल वाईन. ‘मोस्कातो द आस्ती’ पांढरी, गोड, हलक्या बुडबुड्यांची, अल्कोहोल जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. ऑर्डर घेताना पूर्ण नाव लिहा, नुसते ‘आस्ती’ लिहू नका. दोल्चेत्तो ही लाल वाईनही गोड नसते, हे पाहुण्याला आधीच सांगा. पांढऱ्यांत गावी (द्राक्ष कोर्तेसे) आणि रोएरोची आर्नेइस या दोन पुरेशा आहेत. बारोलो, बार्बारेस्को, गावी यांसारख्या डीओसीजी (इटलीतला सर्वांत वरचा) दर्जाच्या वाईनच्या बाटलीवर क्रमांक असलेली सरकारी पट्टी असते. ती नसेल तर माल परत करा.

माल आला की प्रत्येक बाटलीचे बूच बोटाने चाचपा. ते काचेच्या कडेपेक्षा वर आलेले असेल किंवा वेष्टणाखाली चिकट ओघळ असेल, तर वाटेत गाडी तापली आहे. गरम होऊन वाईन फुगते, बूच वर ढकलते आणि थंड होताना हवा आत ओढते. अशी वाईन उकडलेल्या फळासारखी लागते, तिला उपाय नाही. म्हणून एप्रिल ते जून नागपूरहून माल मागवायचाच असेल तर थर्माकोलच्या खोक्यात, पहाटे. एक सावधगिरी: नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका, कडेला विटकरी असतो. रंगावरून ती खराब ठरवू नका, वास घ्या.

साठवायला १४ अंशांवर लावलेले वाईन चिलर उत्तम, बाटल्या आडव्या. लोडशेडिंगमध्ये त्याचे दार उघडू नका. कूलरची खोली चालत नाही: ओलावा मिळतो, पण तापमान पंचविशीच्या खाली क्वचितच जाते. चिलर नसेल तर साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने निभतात.

‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड युरोपी घरांचा. आपल्याकडे लाल वाईनही थंड करूनच द्यायची. बारोलो १६ ते १८ अंश, बार्बेरा आणि दोल्चेत्तो १५ च्या आसपास, गावी व आर्नेइस ८ ते १०, मोस्कातो ६ ते ८. पस्तीस अंशांवरची बाटली निम्मा बर्फ, निम्मे पाणी अशा बादलीत गळ्यापर्यंत बुडवली, की साधारण २० मिनिटांत लाल आणि ३५ मिनिटांत पांढरी तयार होते. नुसता बर्फ घातला तर काचेला हवेच्या पोकळ्या राहतात आणि वेळ वाढतो. फ्रीजमध्ये लाल बाटलीला अडीच-तीन तास लागतात. स्वयंपाकघरातला थर्मामीटर पहिल्या दोन घोटांत बुडवून बघा, अंदाजावर जाऊ नका. मोस्कातो गरम असताना उघडली तर फेस टेबलभर जातो.

तरुण बारोलो तास-दोन तास आधी रुंद भांड्यात ओतावी, पण एसीच्या खोलीत. जुनी बाटली एक दिवस आधी उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो, आणि वाढायच्या वेळीच हळू ओता. उघड्या व्हरांड्यात एका वेळी १०० मिलीच्या वर ओतू नका, कारण पेला हातातच तापतो. डासांची अगरबत्ती टेबलापासून दूर, धूर वाऱ्याने टेबलाकडे येणार नाही अशा बाजूला लावा. तिच्या धुरात नेब्बिओलोचा गुलाबासारखा सुवास मरतो.

जेवणाबरोबर काय द्यायचे, यात आमचे मत ठाम आहे: सावजी मटणाबरोबर बारोलो देऊ नका. तिच्यातले तुरट टॅनिन आणि १४ टक्क्यांच्या घरातले अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, आणि पाहुणा दोन्हींना नावे ठेवतो. तर्रीबरोबर थंड मोस्कातो द्या. गोडवा जिभेला सांभाळून घेतो. वडाभातावरच्या तेलाच्या फोडणीला बार्बेरा अगदी नेमकी बसते, कारण तिच्यात आम्लता भरपूर आणि टॅनिन कमी. रोडगे आणि वांग्याची भाजी असेल तर दोल्चेत्तो. तलावातल्या तळलेल्या मासळीला गावी. बारोलो काढायचीच असेल तर मंद आचेवर शिजवलेले कमी तिखटाचे मटण करा, किंवा पावसाळ्यात सात्यांची (रानअळंब्यांची) साधी, मिरी-तुपातली भाजी. पुरणपोळीला पुन्हा मोस्कातोच.

उरलेली लाल वाईन बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. मोस्कातोचे बुडबुडे दुसऱ्या दिवशीच उतरतात, म्हणून ती अर्धी उरेल अशा वेळी उघडू नका.